रेल्वेच्या जुन्या फोटोत आपली माणसं कुठे आहेत?

(कोलकात्यातील एस्प्लनेड भागात, एप्रिलमधील जयंती सप्ताहात भरलेल्या मराठी तरुण-तरुणींच्या बैठकीतील भाषणाचा हा मजकूर.)



इथे बसलेल्यांपैकी बरेच जण रेल्वेत आहेत. काही बँकेत आहेत, दोघी-तिघी पीएचडी करतायत. सगळ्यांची घरची नावं वेगळी, गावं वेगळी. पण हावड्याला उतरताना हातात एकच गोष्ट असते: आईने दिलेला चटणी-भाकरीचा डबा, दीड दिवसाच्या प्रवासात संपलेला. आपण घरातले पहिले पदवीधर. आपल्या आधी या गाडीने इतक्या लांब नोकरीला आलेलं घरात कोणी नाही. पण आपल्या आधी या रुळांवर काम केलेलं घरात कोणीच नाही, असं म्हणता येणाऱ्यांनी हात वर करा. बघा, फार हात वर नाहीत.

मला आज एका फोटोबद्दल बोलायचं आहे. फोटो अमेरिकेचा आहे. जयंतीच्या आठवड्यात अमेरिकेचा फोटो कशाला, असं वाटेल. पण जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. समुद्रापलीकडे काय झालं ते बघून आपलं घर तपासायचं, ही सवय आपल्याला त्यांनीच लावली. आणि गंमत बघा, ज्या १८७३ मध्ये 'गुलामगिरी' आली आणि सप्टेंबरात सत्यशोधक समाज निघाला, त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला या शहरात पहिली ट्राम धावली. सियालदहपासून आर्मेनियन घाटापर्यंत, घोडे जुंपून.

तर फोटो. १० मे १८६९. यूटा प्रांतातली प्रोमोंटरी समिट नावाची ओसाड जागा. पूर्वेकडून युनियन पॅसिफिक कंपनी रूळ टाकत आली, पश्चिमेकडून सेंट्रल पॅसिफिक. दोन्ही रूळ इथे भेटले आणि अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेल्वेने जोडली गेली. शेवटच्या जागी सोन्याचा खिळा ठोकण्याचा समारंभ झाला. अँड्र्यू रसेल नावाच्या फोटोग्राफरने दोन इंजिनं समोरासमोर उभी असताना फोटो काढला. एक 'ज्युपिटर', दुसरं नुसत्या नंबरचं, ११९. इंजिनांवर माणसं चढलेली, हातात शॅम्पेनच्या बाटल्या, मधोमध दोन कंपन्यांचे मुख्य इंजिनियर हात मिळवतायत. अमेरिकेच्या शाळेच्या पुस्तकांत हा फोटो असतो, जसा आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ चा धडा असतो.

आता या रेल्वेचा पश्चिमेकडचा भाग कोणी बांधला? चिनी मजुरांनी. सेंट्रल पॅसिफिकच्या मजुरांपैकी दहातले नऊ चिनी होते. दहा-पंधरा हजार माणसं, काही अभ्यासक वीस हजारांपर्यंत जातात. सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट त्यांनी हाताने फोडला, बर्फात बोगदे काढले. गोऱ्या मजुराला पगारावर जेवणखाण मिळायचं. चिनी मजुराला पगार कमी आणि जेवण स्वतःचं. जून १८६७ मध्ये हजारो चिनी मजुरांनी संप केला. कंपनीच्या क्रॉकर साहेबाने डोंगरात त्यांच्याकडे जाणारा शिधाच बंद केला. आठवड्याभरात संप मोडला. उपाशी ठेवून माणूस वाकवायची ही रीत आपल्याला नवीन नाही. महाडच्या आधी आणि महाडच्या नंतरही गावोगावी बहिष्कार घातले गेले, ते असेच दुकान आणि पाणी बंद करून.

आणि त्या फोटोत? ओळखू येईल असा एकही चिनी चेहरा नाही. शेवटचे रूळ त्या दिवशी चिनी माणसांनीच आणून बसवले होते. रसेलच्याच दुसऱ्या एका फोटोत ते काम करताना दिसतात. म्हणजे ते तिथे होते. काम करतानाच्या फोटोत होते, आनंदाच्या फोटोत नव्हते. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॉर्की ली नावाचा एक मुलगा न्यूयॉर्कमध्ये वाढला. चिनी आईबापांचा. बापाची कपडे धुण्याची लाँड्री, आई शिवणकाम करणारी. शाळेत त्याने हा फोटो बघितला. पुस्तकात लिहिलं होतं की चिन्यांनी रेल्वे बांधली. त्याने भिंग लावून फोटो तपासला, एक तरी आपला माणूस दिसेल म्हणून. कोणी नाही. तो पुढे फोटोग्राफर झाला. अमेरिकेतल्या आशियाई माणसांचे मोर्चे, दुकानं, लग्नं, पोलिसांचा मार, सगळं टिपत राहिला. त्या कामाला तो फोटोतून न्याय असं म्हणायचा. २०१४ साली, प्रोमोंटरीला १४५ वर्षं झाली तेव्हा, त्याने चिनी-अमेरिकन लोकांना तिथे गोळा केलं. त्यांत त्या मजुरांचे पणतू-खापरपणतू होते. त्याच जागी, त्याच दोन इंजिनांच्या पुढे त्याने त्यांना उभं केलं आणि फोटो काढला. त्यानंतरही तो तिथे जात राहिला. २०२१ च्या जानेवारीत कोविडने गेला.

आता 'त्याच दोन इंजिनांच्या' म्हणाले खरी, पण ती खरी इंजिनं नाहीत. खरी दोन्ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच भंगारात गेली. आज तिथे आहेत ती १९७९ साली नव्याने बनवलेली. ती कशावरून बनवली माहीत आहे का? मूळ नकाशे उरलेच नव्हते. मग त्या काळचे फोटो मोठे केले, त्यांवरून मापं काढली, एकेक पाइप, एकेक दांडा ठरवला. फोटोतून अख्खी इंजिनं उभी केली. वाफेवर चालणारी, शिट्टी मारणारी.

मी लेखा विभागात काम करते, मला मापाचं कौतुक आहे. पण इथे मला थांबावंसं वाटतं. ज्या फोटोवरून इंजिनाचा एकेक बोल्ट मोजता आला, त्या फोटोच्या चौकटीबाहेर कोण उभं होतं, हे विचारायला या देशाला आणखी पस्तीस वर्षं लागली. तेही एका लाँड्रीवाल्याच्या मुलाने विचारलं.

२०१९ ला १५० वर्षं झाली. तेव्हा युनियन पॅसिफिक कंपनीने आणखी मोठा बेत केला. 'बिग बॉय' म्हणून एक वाफेचं इंजिन आहे, नंबर ४०१४. अशी पंचवीसच बनवली होती, १९४१ ते १९४४ मध्ये. टेंडरसकट वजन साडेपाचशे टनांच्या आसपास, लांबी चाळीस मीटर. हे इंजिन कॅलिफोर्नियातल्या एका संग्रहालयात अर्धं शतक उभं होतं. कंपनीने ते २०१३ मध्ये परत घेतलं, वायोमिंगमधल्या शायेन गावी आपल्या शेडमध्ये नेलं, पूर्ण खोललं, कोळशाऐवजी तेलावर चालेल असं केलं आणि मे २०१९ मध्ये पुन्हा रुळावर आणलं. ९ मे रोजी ऑग्डेन स्टेशनात ४०१४ आणि ८४४ ही दोन इंजिनं नाकासमोर नाक लावून उभी केली. १८६९ चा फोटो पुन्हा घडवला. हजारो लोक बघायला आले. मी व्हिडिओ बघितलाय. अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. वाफेच्या इंजिनाला जीव असतो असं आमच्या घरात म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी, १० मेला, प्रोमोंटरीला मुख्य कार्यक्रम झाला. तिथे अमेरिकेच्या वाहतूक मंत्री इलेन चाव बोलल्या. त्या स्वतः चिनी वंशाच्या. त्यांनी चिनी मजुरांचं नाव घेतलं. हे मुद्दाम सांगते, कारण पन्नास वर्षांपूर्वी, १९६९ च्या शताब्दीला, याच खात्याचे मंत्री तिथे भाषणाला उभे होते आणि अमेरिकनांशिवाय इतके बोगदे कोण खोदू शकलं असतं, असं विचारून गेले होते. चिनी इतिहास संस्थेच्या फिलिप चॉय यांना त्या कार्यक्रमात पाच मिनिटं बोलायला देण्याचं ठरलं होतं. ऐनवेळी ती पाच मिनिटं काढून टाकली. आणि ज्या मजुरांचा उल्लेख टाळला, ते अमेरिकन नव्हते हे खरंच होतं. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली आणि चिन्यांना नागरिकत्व मिळणार नाही हे पक्कं केलं. तो कायदा १९४३ पर्यंत टिकला. आधी नागरिक होऊ द्यायचं नाही, मग म्हणायचं हे काम नागरिकांनी केलं.

पाच मिनिटांपासून मंत्र्याच्या भाषणापर्यंत जायला पन्नास वर्षं. या पन्नास वर्षांत मधे काय झालं? सरकारला अचानक सुबुद्धी सुचली नाही. त्या मजुरांची नातवंडं-पणतवंडं कॉलेजात गेली. त्यांनी कागद उकरले. २०१२ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात या चिनी रेल्वे मजुरांवर मोठं संशोधन सुरू झालं. स्टॅनफर्ड म्हणजे कोण? सेंट्रल पॅसिफिकचा अध्यक्ष लीलंड स्टॅनफर्ड. सोन्याच्या खिळ्यावर हातोडा उचलणारा. त्याच्या पैशातून निघालेल्या विद्यापीठात त्याच्या मजुरांचा शोध. त्या संशोधकांना एवढ्या हजारो माणसांपैकी एकाच्याही हातचं पत्र किंवा डायरी सापडली नाही. कंपनीच्या पगारवह्या सापडल्या. पण पगारवहीत बहुतेक मजुरांची नावं नाहीत. टोळीच्या प्रमुखाचं नाव आहे, त्याला दिलेली रक्कम आहे, झालं. त्याने पुढे वाटायचे.

आपल्याकडे त्याला काय म्हणतात? मुकादम.

आता आपल्या घाटाकडे येऊ या. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौतीस किलोमीटर, चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. हे आपल्याला स्पर्धा परीक्षेसाठी पाठ आहे. तीन इंजिनांची नावं विचारली तर इथला प्रत्येक जण सांगेल. त्या रुळांवर भराव टाकणाऱ्या एकाचं नाव सांगा म्हटलं तर? आणि नाना शंकरशेटांचं नाव मुंबई सेंट्रलला द्या ही मागणी आहे, जरूर द्या, माझं काही म्हणणं नाही. ते कंपनीच्या कामात होते, पाहुण्यांत होते. माझा प्रश्न पाहुण्यांबद्दल नाहीच.

ठाण्याच्या पुढे खरं काम होतं, भोर घाटाचं. १८५६ ला सुरू झालं, २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी घाट खुला केला. पंचवीस बोगदे. १८६१ च्या जानेवारीत एका वेळी बेचाळीस हजारांवर माणसं कामाला होती, हा आकडा इतिहासात नोंदला आहे. बाया होत्या, पोरं होती. वडार होते, महार होते, मांग, कोळी, कुणबी होते, दख्खनच्या दुष्काळी गावांतून आलेले. पावसाळ्यात काम थांबलं की गावी जायचे, परत यायचे. पटकीने किती मेले, कड्यावरून किती पडले, सुरुंगात किती गेले, याची नोंद कोणी ठेवली नाही. रेल्वेबांधणीचा इतिहास लिहिणारे इयन केर यांचा अंदाज पंचवीस हजारांच्या आसपास जातो. पंचवीस हजार! लोणावळ्याला चिक्की घेताना हा आकडा आठवून बघा.

आणि यांनीही संप केला, बरं का. संप म्हणा, दंगा म्हणा. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकल्यावर मजूर उठले, हाणामारी झाली, एक युरोपियन माणूस मेला. ठेकेदार फेव्हिएलने त्याच वर्षी काम सोडलं. पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरला आणि काही दिवसांतच आजाराने मेला. मग त्याची बायको अॅलिस ट्रेडवेल हिने ठेका पुढे चालवला, दोन इंजिनियर हाताशी धरून. एका विधवेने अख्ख्या घाटाचं काम पुरं केलं, ही गोष्ट सांगायला मलाही आवडते. त्या काळात आपल्या सावित्रीबाईंवर पुण्यात शेण फेकत होते.

पण अॅलिसबाईंनी आणखी एक गोष्ट केली. घाटाच्या कामाचे फोटो. तो अल्बम त्यांच्या नावाने ओळखला जातो. पूल, बोगद्याची तोंडं, कडे. त्या काळच्या अशा फोटोंत माणूस असतो, पण कसा? पुलाच्या खांबाशी एक ठिपका. खांब किती उंच आहे ते कळावं म्हणून उभा केलेला. म्हणजे आमची माणसं फोटोत मोजपट्टी म्हणून आली.

अमेरिकेत चौकटीबाहेर ठेवलं. आपल्याकडे चौकटीत घेतलं, पण पट्टी म्हणून. यातलं वाईट कुठलं, मी ठरवू शकत नाही.

इथे कोणी म्हणेल, ताई, सगळे मजूर कुठे दलित होते? बरोबर, नव्हते. चिनी मजुरांसारखा एक वंश नव्हता. आपल्याकडे मजुरांच्या टोळ्याच जातीवार लागायच्या. कोण खोदणार, कोण वाहणार, कोण पाणी आणणार आणि कोणाच्या हातचं पाणी चालणार, सगळं जातीने. म्हणून आपला प्रश्न चिन्यांपेक्षा अवघड आहे. बाबासाहेबांनी १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत जे भाषण केलं, ते प्रत्येक रेल्वेवाल्याने वाचलं पाहिजे. कामगारांचे दोन शत्रू सांगितले ते याच भाषणात, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ते वाक्य आपण पोस्टरवर टाकतो. पण त्याच भाषणात एक साधी, हिशोबाची गोष्ट आहे, ती कोणी टाकत नाही. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून आयुष्य काढतो पण त्याला पोर्टर करत नाहीत. का? पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरी वरकाम करतो. स्टेशनमास्तर सवर्ण. त्याच्या घरात हा कसा जाणार? म्हणजे दोन-चार रुपयांची बढती अडली ती पाण्याच्या माठापाशी. वाफेचं इंजिन आलं, तारायंत्र आलं, आणि माठ तिथेच.

हे बोलणारा माणूस लहानपणी मसूर स्टेशनवर भावंडांसोबत तासन्तास बसून राहिला होता, महार म्हटल्यावर गाडीवाला मिळेना म्हणून. रेल्वे स्टेशन म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं.

माझे आजोबा गँगमन होते. भुसावळ विभागात, पाचोऱ्याच्या बाजूला. तीस वर्षांच्या वर नोकरी. आता त्या हुद्द्याचं नाव ट्रॅक मेंटेनर झालंय, कान त्याच हातोड्याने बधिर होतात. आमच्या घरात त्यांचा एकच फोटो आहे, निवृत्तीचा. पुढच्या ओळीत खुर्च्या, खुर्च्यांवर साहेब. ज्याची निवृत्ती आहे त्याला त्या दिवशी तरी खुर्ची देतात, तशी त्यांना दिली आहे. कडेची. गळ्यात हार. हात मांडीवर असे ठेवलेत की खुर्चीला टेकायचे नाहीत. बाकीची गँग मागे उभी. फोटोखाली छापील पट्टी आहे, त्यावर साहेबांची नावं हुद्द्यासकट आहेत. मागच्या रांगेसाठी एकच शब्द आहे: स्टाफ.

माझे वडील कारकून झाले. त्यांनी तो फोटो कधी बाहेरच्या खोलीत लावला नाही. ऑफिसात त्यांचे वडील 'रेल्वेत होते' एवढंच सांगितलं. त्यावर समोरचा माणूस तिकीट तपासनीस किंवा स्टेशनमास्तर समजायचा आणि वडील दुरुस्त करायचे नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. गँगमन म्हटलं की पुढचा प्रश्न आडनावाचा येतो, आणि आडनावानंतर भाड्याची खोली हातची जाते. आपल्यातल्या किती जणांनी या कोलकात्यातसुद्धा खोली बघताना आडनाव हळू सांगितलंय? हसताय, म्हणजे सांगितलंय.

इथेच कॉर्की लीचा फोटो आपल्यासाठी कठीण होतो. प्रोमोंटरीला उभं राहायचं तर सांगावं लागतं, माझा पणजोबा इथे दगड फोडत होता. त्या माणसांना ते अभिमानाने सांगता आलं. आपल्याला ते सांगायचं म्हणजे जात सांगणं. आपल्याकडे कोणी असा कार्यक्रम ठेवला, तर किती येतील?

म्हणून माझ्या डोक्यात काय आहे ते सांगते. पुढच्या काही वर्षांत भोर घाटात खंडाळ्याच्या बाजूला, नाहीतर कसारा घाटात, रेल्वेची रीतसर परवानगी घेऊन एक फोटो काढायचा. वाफेचं इंजिन मिळालं तर सोन्याहून पिवळं. वाफेचं जुनं इंजिन पुन्हा चालू करणं या देशाला अजिबात अवघड नाही. इथल्याच हावड्याचं 'फेअरी क्वीन' बघा. १८५५ चं, लीड्समध्ये बनलेलं, ईस्ट इंडियन रेल्वेचं. हावड्याहून राणीगंजकडे गाड्या ओढायचं, १९०९ ला थांबलं, कित्येक वर्षं हावडा स्टेशनबाहेर शोभेला होतं. १९९७ मध्ये त्याला पुन्हा वाफेवर आणलं आणि दिल्ली ते अलवर पर्यटकांची गाडी त्याच्यावर चालवली. पुढच्याच वर्षी गिनीजमध्ये नाव गेलं. १४२ वर्षांच्या इंजिनाला रेल्वे जिवंत करू शकते. तेव्हा तांत्रिक अडचण आहे असं मला कोणी सांगू नये.

पण इंजिन नसलं तरी चालेल. माणसं हवीत. आणि माणसं यायची तर आधी कागद हवेत. अमेरिकेतल्या पणतवंडांनी घरातली एकेक वस्तू संशोधकांपुढे ठेवली, तेव्हा पगारवहीतली रिकामी जागा थोडी भरली. आपल्याकडे काय आहे? सर्व्हिस सर्टिफिकेट आहे. पेन्शनची वही आहे. प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठ्या, पास, क्वार्टरचा वाटपाचा कागद, अंगठ्याचा ठसा असलेला पगाराचा कागद. ट्रंकेत तळाला, आईच्या लग्नातल्या साडीखाली. मी स्वतः आजोबांची पेन्शनची वही अशीच काढली. त्यांच्या नावात तीन ठिकाणी तीन वेगवेगळी अक्षरं आहेत, कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. लेखा विभागात असल्यामुळे मला त्या चुकांचा अर्थ कळतो. आजीची विधवा पेन्शन दीड वर्ष का अडकली, तेही मला त्यातूनच कळलं.

बाया विसरू नका. भोर घाटात त्या होत्या. टोपली त्यांच्या डोक्यावर होती. निवृत्तीचे फोटो पुरुषांचे निघतात. माझी आजी गँगच्या हंगामी कामावर खडी वाहायची, तिचा कागदच नाही. तिच्या नावापुढे लिहायला माझ्या आत्याची आठवण एवढंच आहे. मग ती आठवण लिहून काढायची, तारीख घालून, आत्याची सही घेऊन. तोही कागदच.

आणि नुसता जुना काळ नको. रुळांवरची घाण कोण काढतं? २०१३ ला कायदा आला, २०१४ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, डब्यांना बायो-टॉयलेट लागली. हे चांगलं झालं. पण आज स्टेशनवर ठेकेदाराच्या पट्ट्यात झाडू घेऊन कोण उभं आहे, त्यांची हजेरी कोणाच्या नावावर लागते, हे आपल्याला दिसतं. आपण रोज त्यांच्यासमोरून ऑफिसात जातो. मुकादमाला आता सुपरवायझर म्हणतात. त्यांचे फोटो निघतात, स्वच्छता पंधरवड्यात, साहेब मधे आणि झाडू कडेला. ती माणसं आपल्या चौकटीत नसतील तर आपणही रसेलच झालो.

आता आपण बसलोय त्या जागेबद्दल थोडं. एस्प्लनेड. मुंबईतही एक एस्प्लनेड होतं, काळा घोड्याच्या बाजूला जुन्या इमारतीला अजून ते नाव आहे. साहेबांची फिरायची मोकळी जागा. इथून १९०२ मध्ये पहिली विजेची ट्राम खिदिरपूरला गेली. त्याआधी, १८८२ मध्ये, वाफेच्या इंजिनाने ट्राम ओढून बघण्याचाही प्रयोग या शहराने केला. २४ ऑक्टोबर १९८४ ला देशातली पहिली मेट्रो इथूनच भवानीपूरला निघाली. २०२४ च्या मार्चपासून इथून नदीखालून हावड्याला जाता येतं. आणि त्याच वर्षी राज्य सरकारने जाहीर केलं की ट्राम बंद करायची, वारसा म्हणून एस्प्लनेड ते मैदान एवढा फेरा ठेवायचा. इथल्या डेपोत १९३८ च्या ट्राममध्ये 'स्मरणिका' नावाचं छोटं संग्रहालय आहे. जुनी तिकिटं आहेत, कंडक्टरच्या टोप्या, बिल्ले आहेत. मी दोनदा जाऊन आले. टोपीपर्यंत गोष्ट आली आहे. रूळ कोणी बसवले, चौरंगीखाली वर्षानुवर्षं मेट्रोचा खड्डा कोणी खणला, तिथपर्यंत अजून यायची आहे. बंगालमध्ये ही माणसं कुठल्या जातीची, कुठल्या जिल्ह्यांतली, हे इथल्या नामशूद्र मित्रमैत्रिणींना विचारा. त्यांचं आपल्यावर एक मोठं ऋण आहे. इथून चालत पंधरा मिनिटांवर विधानसभा आहे. जुलै १९४६ मध्ये मुंबईची दारं बंद झाल्यावर बाबासाहेब संविधान सभेत गेले ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मतांवर. परत जाताना त्या बाजूने जा. कोणी फोटो काढला तर सगळे उभे राहा, खुर्च्या नकोत.

कामाचं सांगते आणि थांबते. मे महिन्यात निम्मे जण गावी जाणार आहात. ट्रंक उघडा. कागद दिसला की मोबाइलवर नीट, सावली न पडू देता, दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. मूळ कागद घरातच ठेवा, कोणालाही देऊ नका, मलाही नाही. नाव, गाव, विभाग, कामाचा प्रकार आणि कोणी सांगितलं, एवढं लिहा. घरचे नको म्हणाले तर जबरदस्ती करू नका. माझ्या वडिलांनी पेन्शनची वही मला दिली, निवृत्तीचा फोटोही स्कॅन करू दिला. घाटातल्या फोटोत उभे राहाल का, म्हणून विचारलं तेव्हा म्हणाले, बघू. दोन महिने झाले. अजून बघतायत.

मागच्या रांगेतल्या चौघांची नावं मात्र त्यांनी परवा फोनवर सांगितली. पाचव्याचं आठवत नाहीये. पाचोऱ्याकडचं कोणी असेल तर चहाच्या वेळी मला भेटा, फोटो मोबाइलवर आहे.

जय भीम.